पॅनेल फोडणारे सर

सरांना बोलण्याआधी काहीतरी आपटावं लागायचं. टेबलावर पंजा, दारावर बूट, फारच झालं तर भिंतीवर स्वतःचीच मूठ. आपटून झालं की प्रश्न यायचा, "हात कोणी लावलान?" मुंबईत निम्मं आयुष्य काढून आलेला माणूस, एरवी अगदी पुस्तकी बोलणारा, पण संतापला की थेट लांज्याकडच्या आपल्या गावचा होऊन जायचा. तुमच्याही पाहण्यात असा एखादा साहेब आला असेल. जिन्यावर त्याचा पाय वाजला की माणसं कारण नसताना कागद चाळू लागतात.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. रत्नागिरीत तेव्हा कॉम्प्युटर बघायला लोक मुद्दाम जिना चढून यायचे आणि चपला बाहेर काढून आत डोकावायचे. गाडीतळाजवळ एका माडीवर आमचं ऑफिस होतं. मालकांना सगळे शेठ म्हणत. बंदराजवळ त्यांचा बर्फाचा कारखाना होता. बर्फ करायला अमोनिया वायू दाबावा लागतो, आणि तो दाब किती चढू द्यायचा हे सांभाळणारं एक पॅनेल सरांनी तयार केलं होतं. पॅनेलमध्ये बोटाच्या पेराएवढी चिप आणि चिपमध्ये सरांचा प्रोग्राम. दाब हद्दीबाहेर गेला की कंप्रेसर आपोआप बंद. शेठना ते इतकं आवडलं की तसलीच पॅनेलं हर्णेपर्यंतच्या बर्फवाल्यांना विकायची म्हणून त्यांनी हे ऑफिस काढलं, आणि कारखान्यात आधी हे काम करणारा जुना गंजका खटका काढून भंगारात दिला. आता कंप्रेसर पॅनेलशिवाय सुरूच होत नव्हता.

त्या कंप्रेसरच्या खोलीत माझा थोरला भाऊ रमाकांत कामाला होता. म्हणून त्या प्रोग्रामकडे मी नुसता प्रोग्राम म्हणून कधी पाहिलंच नाही. अमोनियाची नळी फुटली तर काय होतं हे दादाने एकदा जेवताना सांगितलं होतं. दुसऱ्या एका कारखान्यातल्या माणसाचे दोन्ही डोळे गेले होते. ताटावर असलं बोलू नको म्हणून आई त्याच्यावर ओरडली होती.

मी इथल्याच कॉलेजातून संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी झाले होते आणि सरांच्या हाताखाली प्रोग्राम लिहायला शिकत होते. खरं तर हात कोणी लावला हे विचारायची सरांना गरज नव्हती. आमच्या मशीनवर प्रत्येक प्रोग्रामची एक इतिहासाची फाईल असायची. बदल करायचा तर प्रोग्राम तिथून बाहेर काढायचा, काम झालं की परत जमा करायचा, आणि जमा करताना कारण लिहायचं. कोणती ओळ कोणत्या खेपेला आली, कोणत्या खेपेला काढली, कोणी काढली, सगळं त्या एकाच फाईलमध्ये राहायचं. काढलेली ओळसुद्धा खरी पुसली जायची नाही. ती जागच्या जागी असायची, फक्त तिच्या मागेपुढे 'ही काढलेली आहे' अशा खुणा बसायच्या. सर या फाईलींना जेवढं जपत तेवढं स्वतःच्या प्रकृतीलाही जपत नसत.

कारण लिहिताना कोणी आळस केला की मग संपलंच. शेठचा पुतण्या पुण्याहून इंजिनिअर होऊन आमच्यात आला होता. मुलगा वाईट नव्हता, पण घाईचा. त्याने एकदा कारण म्हणून 'थोडा बदल' एवढंच लिहिलं. सरांनी त्याची कॉलर धरून त्याला खुर्चीसकट मागे ओढलं. खुर्ची उलटली आणि पुतण्या खाली आला.

"तुझ्या लग्नपत्रिकेत नवरीच्या नावात थोडा बदल करू?" सर विचारत होते, आणि तो फरशीवरून "नको, नको" म्हणत होता. आम्हाला हसू आलं होतं, पण हसायची हिंमत कोणाला नव्हती.

मी काही गोगलगाय नव्हते. एकदा माझ्या कामात चूक सापडली म्हणून त्यांनी माझे सगळे कागद खोलीभर भिरकावले. मी उठले आणि म्हटलं, "उचला."

मला वाटलं, आता हा माणूस मला जिन्यावरून खाली टाकणार. सरांनी टेबलावर पंजा आपटला, माझ्याकडे बघितलं, आणि गुडघ्यांवर बसून एकेक कागद गोळा करू लागले. "उचलतो गो," म्हणाले. त्या दिवसापासून ते मला 'गो' लावून बोलायला लागले. घरच्या माणसाला लावतात तसं.

एवढा राग येतो कुठून, हे मी एकदा चहा पिताना विचारलंच. त्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांच्या वडलांना चौघांनी काठ्यांनी झोडपलं होतं. त्यांचं घर बौद्ध झालं त्यालाही तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. वडील महिनाभर खाटेवर होते. नंतर फौजदार आला तेव्हा अख्खं गाव म्हणालं, असं काही झालंच नाही.

"काठ्या बसल्या त्या बाबा विसरले," सर म्हणाले. "झालंच नाही म्हणाले, ते मरेपर्यंत विसरले नाहीत." मग बशी उचलून उरलेला चहा प्यायले आणि कामाला लागले. पुन्हा त्यावर कधी बोलले नाहीत.

दसऱ्याच्या दिवशी सर ऑफिसला येत नसत. त्या दिवशी त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असायचा, ते गावी विहारात जात. त्या वर्षीही गेले. जाण्याआधी सगळ्या फाईलींच्या नकला त्यांनी फ्लॉप्यांवर काढल्या आणि खोका कपाटात ठेवला.

आणि दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा झाली. मी त्या सकाळी आईबरोबर देवळात होते, पोचले तोवर आरती चालू होती. कॉम्प्युटरला झेंडूची माळ, छापायच्या मशीनला माळ, शिडीला, स्टॅपलरलासुद्धा फूल. कारखान्यात हातोड्या-पान्यांची करतात तशीच. शेठ मनापासून करायचे, काही म्हणजे काही सुटता कामा नये. कपाटातला खोका बाहेर आला. फ्लॉपी पाकिटातून काढली की तिच्या मधे एक लांबट खाच दिसायची, आणि त्या खाचेत आतली काळी चकती उघडी असायची. नेमकी तीच जागा शेठना कपाळासारखी वाटली असणार. ओल्या बोटाने एकेकीला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि परत पाकिटात घालून खोका जागेवर ठेवला. पूजेचं कुंकू कोणी पुसत नाही. तेही पुसलं गेलं नाही. मी पाहिला तो बंद खोका आणि त्यावरचं फूल.

पुढच्याच आठवड्यात परतीच्या पावसातली वीज पडली. कोकणातली ती वीज काय असते हे इकडच्या माणसाला सांगायला नको. तारांवरून ती आमच्या ऑफिसात शिरली आणि कारखान्यातही. कारखान्यातल्या पॅनेलची चिप जळली. आमच्या मशीनची डिस्क सगळी गेली नाही, पण जागोजाग करपली. दाबाच्या प्रोग्रामची इतिहासाची फाईल मागितली की मशीन उत्तर द्यायचं, फाईल बिघडली आहे, देणार नाही.

ते कशावरून म्हणायचं, हे सांगायला हवं. फाईलच्या पहिल्याच ओळीत एक आकडा असायचा. पुढच्या सगळ्या अक्षरांची ती बेरीज. फाईल उघडताना मशीन पुन्हा बेरीज करायचं, आणि ती जुळली नाही तर फाईलला हात लावू द्यायचं नाही.

सर अगदी शांत होते. "नकला आहेत," म्हणाले, आणि कपाट उघडून खोका घेतला. पहिली फ्लॉपी पाकिटातून काढली. पिवळी, लाल, वर चिकटलेले तांदळाचे दाणे. दुसरी काढली. तिसरी काढली.

"हे काय?"

"पूजा केली," शेठ म्हणाले. "देवाचं केलं, त्यात काय बिघडलं? तुम्ही असतात तर सांगितलं असतंत. तुम्ही गेलात तुमच्या त्या कार्यक्रमाला."

"माझ्या त्या कार्यक्रमाला," सर म्हणाले. टेबलावर पितळी पेपरवेट होता. तो शेठच्या कानाजवळून गेला आणि भिंतीचा गिलावा घेऊन खाली पडला. मग सरांनी कपाटाचं दार धरून इतक्या वेळा आपटलं की बिजागऱ्या तुटून ते हातात आलं. दार भिंतीला टेकवून ठेवलं आणि खाली बसून फ्लॉप्या एकेक करून स्वच्छ कागदात गुंडाळायला लागले. शेठ पांढरेफटक पडले होते, पण त्यांनीही सरांना जा म्हटलं नाही. दुसरं होतं कोण?

मुंबईत सरांचा एक जुना सोबती होता, तो चकत्या बाहेर काढून धुऊन वाचून द्यायचा. सर त्याच दिवशी निघाले. निघताना पुतण्याच्या नाकासमोर बोट नाचवलं. "मशीन नाही म्हणतंय ना? मग नाही. मी येईपर्यंत त्या फाईलला शिवायचं नाही."

ऐन हंगाम होता. होड्या भरभरून येत होत्या आणि बर्फ नव्हता. बंदरावर मासळीचे ढीग वास मारू लागले. खरेदीवाल्या बाया कारखान्याच्या दारात येऊन शेठच्या सात पिढ्या उद्धरत होत्या. कारखान्यातली माणसं बिनकामाची बसली होती, आणि काम नाही तर रोजंदारी नाही. दादा घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. एका कोळ्याने शेठच्या गाडीची काच फोडली. शेठ पुतण्याच्या मानगुटीवर बसले. तू इंजिनिअर आहेस ना, मग उघड ती फाईल.

पुतण्याने उघडली. वाचता येत नव्हती ती अक्षरं त्याने पुसून टाकली, आणि वरच्या ओळीत नवी बेरीज लिहायची एक आज्ञा मशीनला असते, ती दिली. बेरीज अर्थातच जुळली. मशीनने मुकाट प्रोग्राम दिला, तो चिपमध्ये उतरला, एकही चूक दाखवली नाही. मी म्हटलं, सर येऊ देत. पुतण्या म्हणाला, "मशीन हो म्हणतंय आता." शेठनी मला पेढा दिला. मी तो टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर महामार्गावर हातखंब्याला एस.टी.तून उतरले आणि तिथून ट्रकने ऑफिसात आले. मी एकटीच होते. बाकी सगळे चिप घेऊन कारखान्यात गेले होते, नारळ फोडून पॅनेल सुरू करायला.

"फाईल उघडली कशी?"

"वाचता येईना ते पुसलं. बेरीज नवी लिहिली."

सरांनी काहीच आपटलं नाही. तेव्हा मला त्यांची पहिल्यांदा खरी भीती वाटली. आम्ही रिक्षाने बंदरावर गेलो. रस्ताभर ते नुसती मूठ उघडत होते आणि मिटत होते.

कंप्रेसरच्या खोलीत शेठ नारळ घेऊन उभे होते. दादाचा हात बटणापाशी होता.

"थांब," सर म्हणाले. मग पुतण्याकडे वळले. "काय पुसलंस?"

"कचरा होता, सर. वाचताच येत नव्हता."

"वाचता येत नव्हता, तर कचरा होता हे तुला कोणी सांगितलान?"

"आता पुरे," शेठ म्हणाले. "रमाकांत, दाब बटण."

"काय गेलंय ते मला ठाऊक नाही," सर दादाला म्हणाले. "ठाऊक नाही म्हणून सांगतो, चालू करू नकोस. आत तू आहेस."

"सर, बाजूला व्हा," दादा म्हणाला. "मासळी कुजतेय थंय. पोरांच्या पोटात काय घालू, तुमची बेरीज?"

बर्फाच्या लाद्या फोडायचा घण दारामागे टेकलेला असतो. सरांनी तो उचलला. दादाला वाटलं त्याच्यावरच आला, तो मागे सरला, आणि घण पॅनेलवर बसला. काच उडाली. दुसऱ्या घावाला दार आत गेलं, तिसऱ्याला तारा बाहेर लोंबायला लागल्या आणि चिपचा पत्ताच राहिला नाही. तरी सर थांबत नव्हते. ज्या पॅनेलचा प्रत्येक जोड त्यांनी स्वतःच्या हाताने झाळला होता, ते असं फोडत होते की बघवत नव्हतं.

मग माणसं त्यांच्यावर पडली. लाथा, बुक्क्या, कोणी पान्याने मारलं. रिकाम्या पोटाचे ते दिवस त्या एका माणसावर निघाले. कोणीतरी शिव्यांत त्यांची जात काढली. मी दादाच्या पाठीत बुक्क्या घालत होते, त्याचे केस ओढत होते, त्याला कळतही नव्हतं. सरांच्या हातून घण निसटला तो दादानेच उचलला आणि दांडा सरांच्या उजव्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. सुकी फांदी मोडते तसाच असतो. शेवटी शेठच ओरडले, "अरे मारू नका, मेला तर पॅनेल कोण करेल?" आणि माणसं थांबली.

सिव्हिल हॉस्पिटलात शेठ बिस्किटांचा पुडा घेऊन आले. खाटेवर बसून गोड आवाजात म्हणाले, "पोलीस वगैरे नको. मी पॅनेलचं विसरतो, तुम्ही हाताचं विसरा. असं काही झालंच नाही, असं धरून चालू."

सरांचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसरा त्यांनी शेठवर रोखला. "झालं," म्हणाले. "पोलिसात जात नाही. पण झालं."

प्लास्टर घालून ते ऑफिसात आले. त्यांचा उजवा हात निकामी, म्हणून ते सांगायचे आणि मी टाइप करायचे. हर्णेला पाठवायचं एक नवं पॅनेल तयार होतं, तेच आता कारखान्यात बसवायचं होतं, पण त्यात घालायला प्रोग्राम हवा होता. पुतण्याने निदान एवढं शहाणपण केलं होतं की मोडकी फाईल पुसापुशी करण्याआधी बाजूला ठेवली होती. तिच्या पहिल्या ओळीत दसऱ्याआधीची जुनी बेरीज शाबूत होती. मुंबईहून धुऊन आणलेल्या चकत्यांवर बराच भाग वाचता आला. अर्धी ओळ इथून, अर्धी तिथून, खुणेला खूण लावत आम्ही इतिहास पुन्हा जोडत गेलो. एक तुकडा मात्र कुठेच मिळेना. डिस्कवर तो करपला होता आणि चकतीवर तिथेच कुंकवाचं बोट बसलं होतं.

"छापलेला असेल," सर म्हणाले. "छापलेले कागद कुठे जातात?"

छापलेले कागद रद्दीत जातात आणि रद्दी आम्ही घरी नेतो. जाड कागद, एका बाजूने कोरा, कोण सोडणार? पुतण्याकडच्या कागदांत आंबे पिकत घातले होते, ते केव्हाच कुजले होते. दसऱ्याच्या साफसफाईत मी नेलेला गठ्ठा आईने फडताळात अंथरला होता, लोणच्याच्या बरण्यांखाली.

सर आमच्या घरी आले तेव्हा दादा ओटीवर होता. तो उभा राहिला. सर त्याच्या बाजूने आत आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आई आडवी आली.

"तुमी भायर बसा," आई म्हणाली. "मी काढून आणते."

का ते सगळ्यांना कळलं. माझ्या अंगाची आग झाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला. "आये, येवंदे त्यांना आत."

आई बाजूला झाली. पण सर हलले नाहीत. "नको," म्हणाले. "मी इथंच बरा."

दादा आत गेला. त्याने एकेक बरणी खाली उतरवली, कागद फाटणार नाही असा सोडवला आणि ओटीवर घेऊन आला. तेलाने तो काचेसारखा झाला होता, तरी अक्षरं दिसत होती. सरांना एका हाताने धरता येईना. दादा त्यांच्यापुढे मांडी घालून बसला आणि दोन्ही हातांनी कागद उजेडात ताणून धरला. सर वाचत होते, मी उतरून घेत होते. दादाचे हात भरून आले असणार, पण त्याने ते खाली घेतले नाहीत.

एका जागी सर थांबले. पुतण्याच्या प्रोग्रामचा कागद त्यांनी खिशातून काढून शेजारी ठेवला.

"या तीन ओळी बघ गो. तुमच्या फडताळातल्या कागदावर नाहीत, त्याच्या कागदावर आहेत." त्या ओळी सरांच्याच होत्या. पॅनेल पहिल्यांदा टेबलावर तपासताना अमोनिया नसायचा, म्हणून दाबाकडे बघूच नकोस असं सांगणाऱ्या ओळी त्यांनी घातल्या होत्या आणि काम झाल्यावर काढल्या होत्या. 'काढल्या' ही खूण त्या कचऱ्यात पुसली गेली आणि ओळी पुन्हा जिवंत झाल्या.

"म्हणजे काय झालं असतं?" दादाने विचारलं.

"दाब चढत राहिला असता. पॅनेल बघत बसलं असतं."

दादाने कागद खाली ठेवला आणि तो सरांच्या प्लास्टरकडे बघत बसला. दाराआडून आईने सगळं ऐकलं होतं. ती चहा घेऊन आली, आमच्याच घरातल्या कपबशीतून, मानाच्या पाहुण्यांना देतो त्यातून. सर उठले. "हात ठणकतोय," म्हणाले, आणि चहा न घेताच गेले. त्या कपावर साय धरेपर्यंत आई तिथेच उभी होती.

ऑफिसात मी शेवटची ओळ घातली आणि मशीनला बेरीज करायला सांगितलं. नवी लिहू नकोस, जुनी जुळते का ते बघ. मशीन काहीच बोललं नाही. आमचं मशीन सगळं ठीक असलं की काही बोलत नसे. सरांनी डोळे मिटले.

"आता जमा कर. कारण लिही."

ते सांगत गेले, मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत गेले. पूजेत नकला खराब झाल्या. वीज पडली. खोटी बेरीज लिहिली, पुतण्याचं नाव. पॅनेल फोडलं, स्वतःचं नाव. मग म्हणाले, "हात मोडला. मारणाऱ्याचं नाव घाल."

माझी बोटं थांबली.

"झालं ना?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

मी माझ्या भावाचं नाव टाइप केलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचा, दादाचा, आईचा, सगळ्यांचाच.

"अजून एक ओळ," सर म्हणाले. "हरवलेला भाग छापील कागदावरून घेतला. कागद धरला त्यानेच."

कारखाना त्या आठवड्यात सुरू झाला. दादा तिथे निवृत्त होईपर्यंत होता, दोन्ही डोळे शाबूत. सरांनी मात्र पुढच्या पावसाळ्याआधी नोकरी सोडली. त्यांचा हात नीट सांधला नाही, मनगट वाकडं राहिलं. कोणी म्हणालं गुजरातेत गेले, कोणी म्हणालं गावी शेती करतात. मला त्यांनी जाताना सांगितलं नाही. मला ते लागलं, अजून लागतं.

बऱ्याच वर्षांनी कोणाकडून तरी कळलं की सर गेले. मी तेव्हा ठाण्याला होते, दोन दिवसांनी घरी पोचले. दादा त्याआधीच एकटा लांज्याकडे जाऊन आला होता. तसा तो कोणाच्या मयताला सहसा जात नाही. संध्याकाळी ओटीवर बसला होता. आई आता खूप म्हातारी झाली होती, आत चुलीपुढे बसून होती.

"भेटलं का कोण?" मी विचारलं.

"बायको होती. मी माझं नाव सांगितलं. तिला ठाऊक होतं." "जेवायला वाढलान. मी जेवलो."

आतून आईने विचारलं, "काय केलेलान जेवायला?"

"कुळथाची पिठी नि भात," दादा म्हणाला.